फोटो कशाचा काढणार?

मेळावा संपत आला होता. शाल-श्रीफळ झालं होतं, दिवंगत गुरुजनांना श्रद्धांजली वाहून झाली होती, आणि शाळेच्या जुन्या हॉलमध्ये मसालेभाताचा, जिलबीच्या पाकाचा आणि सुकत चाललेल्या शेवंतीच्या वेण्यांचा वास एकमेकांत मिसळून बसला होता. आमच्या बॅचने शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं होतं. परदेशातल्यांनी डॉलर पाठवले होते, गावातल्यांनी जमेल तसं दिलं होतं, रक्कम बरी जमली होती. काय द्यायचं एवढंच ठरायचं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी माईक बाजूला केला आणि उभ्या जागेवरूनच म्हणाल्या, "आम्हाला एक बाई हव्या आहेत." पाचवीत येणाऱ्या काही मुलांना अजून सलग वाक्य वाचता येत नाही. वर्गशिक्षिकेला पाठ्यपुस्तक पुरं करायचं असतं, ती या मुलांपाशी थांबू शकत नाही. गावातलीच एखादी बारावी झालेली मुलगी रोज दोन तास त्यांना घेऊन बसली तर फरक पडेल. तिचं दोन वर्षांचं मानधन द्याल का, असं त्यांचं म्हणणं. हॉलमध्ये जरा चुळबुळ झाली. मग आमचा एक वर्गमित्र खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला, "मॅडम, ते सगळं बरोबर आहे. पण फोटो कशाचा काढणार?"

सगळे हसले. बाईही हसल्या. पुढच्या पाच मिनिटांत डिजिटल फळा आणि नवी कमान ठरली.

हा मित्र चमकोगिरी करणारा असता तर मी ते वाक्य एव्हाना विसरून गेले असते. पण तो तसा नाही. वर्गातल्या कुणाच्या वडिलांना अ‍ॅडमिट करायचं असलं की रात्री गाडी काढणारा तोच. पैशांचा हिशेबही त्याच्याकडे होता, आणि ज्यांनी दूरवरून विश्वासाने पैसे पाठवले त्यांना काहीतरी दाखवायला हवं, ही त्याची खरोखरीची अडचण होती. फळा दाखवता येतो. कमान दाखवता येते. जूनमध्ये ‘क’ आणि ‘फ’ यांत गोंधळणारं पोर मार्चमध्ये धडा वाचतं, हे कसं दाखवायचं? फोटोत ते पोर तसंच दिसणार, फार तर केस वाढलेले. गाडी घाट उतरून पुण्याला लागेपर्यंत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि दर वळणावर त्याची बाजूही मला पटत होती.

आपल्याकडे दिलेलं दिसावं लागतं, ही रीत काही आजची नाही. आजोळच्या देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोरलेली होती. ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ आणि खाली रुपये एकशे एक. लहानपणी आम्ही त्या अक्षरांवर बोटं फिरवायचो, अनवाणी पायांनी झिजून काही नावांचा नुसता काना-मात्रा उरला होता. शाळेतले पंखे तर अजून आठवतात. पात्यांवर तांबड्या ऑइलपेंटने देणगीदाराचं नाव. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं व्हायचं, आणि वीज गेली की हळूहळू पुन्हा वाचता यायचं. उन्हाळ्याच्या दुपारी घामाने निथळत आम्ही ते नाव वाचत बसायचो. मला या नावांचा राग येत नाही. ज्याने एकशे एक रुपये आयुष्यभर साठवले असतील त्याला आईचं नाव पायरीवर बघावंसं वाटलं, त्यात काय बिघडलं? पण रोज दोन तास कुणाशेजारी बसणाऱ्या मुलीच्या मानधनावर नाव कुठे रंगवणार?

गंमत अशी की बाईंनी जे मागितलं ते एकदा नीट करून, मोजून पाहिलेलं आहे, आणि तेही आपल्या मुंबईत. नव्वदच्या दशकात माधव चव्हाण, फरीदा लांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ सुरू केलं. युनिसेफ, महापालिका आणि शहरातली देणारी माणसं त्यामागे होती. त्यातूनच ‘बालसखी’ ही कल्पना आली. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, थोडं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे. स्वतंत्र खोली कुठून मिळणार? मग व्हरांड्यात, जिन्याखाली, मैदानाच्या कडेला, जिथे सावली मिळेल तिथे. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ या काळात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर परीक्षा घेतली. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हींकडच्या मुलांचे गुण तपासले. बालसखीच्या शाळांतले गुण वाढले, आणि सगळ्यात मागे असलेल्यांचे सगळ्यात जास्त.

इथे थांबून मित्राची बाजूही मांडायला हवी. त्याच अभ्यासात बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते, आणि गणितात त्याने चांगलाच फरक पडला. म्हणजे यंत्र दिलं की वाया गेलं, असं मला सरसकट म्हणता येत नाही. खर्चाच्या हिशेबात मात्र बालसखी कितीतरी स्वस्त पडली. आणि आणखी एक गोष्ट, जी देणगीच्या जाहिरातीत कुणी छापणार नाही: कार्यक्रम थांबून वर्ष झालं तेव्हा मिळवलेला फायदा बराचसा ओसरला होता. आता अशा निकालाकडे दोन प्रकारे बघता येतं. एक, जाऊ दे, पैसे फुकट गेले. दुसरं, असं का झालं ते शोधू. ‘प्रथम’ दुसऱ्या वाटेने गेलं. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे बाजूला ठेवून त्याला अक्षर येतं का, शब्द येतो का, परिच्छेद येतो का, गोष्ट वाचता येते का, एवढंच बघायचं आणि तिथून शिकवायचं, ही पद्धत अशीच वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झाली. आज ती आफ्रिकेतल्या देशांतही वापरतात. बॅनर्जी-दुफ्लोंना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा पेढे वाटायला लोक कोलकात्याला आणि केंब्रिजला गेले. जिन्याखाली बसून शिकवणाऱ्या त्या मुली आता चाळिशीत असतील.

अर्धवट जमलेल्या गोष्टीला पुन्हा पैसे कोण देतं? मला वाटतं सगळं घोडं तिथेच अडतं.

बंग दांपत्याची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मला त्यातलं एकच वर्ष पुन्हा पुन्हा आठवतं, १९९५-९६. त्याआधी गडचिरोलीत मुलांच्या न्यूमोनियावर काम झालेलं होतं. निरक्षर दायांना मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजता येत नाहीत म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी वापरून साधन केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्याने मृत्यू कमी झाले, पण जन्मल्यापासूनच्या पहिल्या महिन्यात बाळं जातच राहिली. का, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण ती घरात जन्मत आणि घरातच जात. सरकारी कागदावर त्यातल्या कित्येकांचा जन्मही नसे. मग बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. पहिलं वर्षभर त्यांचं मुख्य काम होतं बघणं आणि लिहून ठेवणं. घरोघरच्या उपचारांची पद्धत अजून सुरू व्हायची होती.

हे ‘बघणं’ काय असेल याची कल्पना ज्याने जुनं बाळंतघर पाहिलंय त्यालाच येईल. माझ्या मावशीचं बाळंतपण मी दाराआडून पाहिलेलं आहे. काळोखी खोली, बाज, बाजेखाली शेगडी, वेखंड-ओव्याच्या धुरीने डोळे चुरचुरणारे, खिडकीला पोतं लावलेलं, आणि आत कुणी बाहेरचं आलेलं चालायचं नाही. अशा खोलीत वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन शिरायचं, बाळाला फडक्यात घालून काट्याला लावायचं, श्वास मोजायचे, नाळ बघायची, आणि सासूच्या नजरेखाली सगळं वहीत उतरवायचं. पुन्हा दोन दिवसांनी तेच. त्या वर्षात ७६३ बाळांची अशी नोंद झाली. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी उपचारांची गरज पडली होती. मिळाले फक्त २.६ टक्क्यांना.

उपाय पुढे झाले, त्यांचं श्रेय सगळेच देतात. त्याच बायका बाळाला उबदार पिशवीत ठेवायला शिकल्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकल्या, आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकल्या. सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, यावर मोठमोठ्या डॉक्टरांच्या भुवया किती उंचावल्या असतील ते वेगळं सांगायला नको. शेजारच्या ४७ गावांत हे नव्हतं, नेहमीची सरकारी सेवा होती. तिथे नवजात मृत्युदर जवळपास जिथल्या तिथे राहिला. या ३९ गावांत हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पण मी अडकते ती आधीच्या वर्षात. बाळं वाचवण्याचं सोडा, ती कशाने जातात एवढंच वर्षभर पाहायचं आहे, असं सांगणाऱ्या माणसाला पैसे द्यायला कोणती समिती तयार झाली असती? आमची बॅच तर नक्कीच नाही. पैसे दिले ते फोर्ड आणि मॅकआर्थर या दोन अमेरिकन फाउंडेशनांनी. एकाचा पैसा मोटारींचा, दुसऱ्याचा विमा कंपनीचा. मोटारींचा पैसा जंगलातल्या पाऊलवाटेने कुणाच्या तरी झोपडीत पोचला, याचं मला आपलं उगाचच बरं वाटतं.

उगाचच, कारण याच फोर्डच्या पैशाची दुसरी गोष्टही मला ठाऊक आहे. पन्नास-साठच्या दशकांत भारताच्या लोकसंख्येची धास्ती घेतलेल्या मंडळींत फोर्ड फाउंडेशन पुढे होतं. १९६५ साली देशभर लूपची मोहीम निघाली. गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचं, प्लॅस्टिकचं, नागमोडी वळणाचं ते छोटंसं साधन नवं होतं, स्वस्त होतं, शिबिरांत भराभर बसवता येत होतं. बसवणाऱ्याला पैसे, आणणाऱ्याला पैसे. नंतर त्या बाईला काय होतं ते बघायला मात्र कुणी नव्हतं. रक्तस्राव सुरू झाला, पोटात दुखू लागलं, की तिने कुठे जायचं? आमच्या थोरल्या काकू मागीलदारी धुणं धुताना आईशी दबक्या आवाजात यावर बोलायच्या आणि आम्ही पोरी जवळ गेलो की विषय चुलीवरच्या आमटीकडे वळायचा. दशक संपता संपता बायकांचा लूपवरचा विश्वास उडाला होता, आणि तो उडाल्याचं नुकसान पुढच्या चांगल्या साधनांनाही भोगावं लागलं. नवी कल्पना होती, पैसा होता, हेतूही वाईट नव्हता. फक्त जिच्यासाठी म्हणून हे सगळं चाललं होतं तिला आधी कुणी काही विचारलं नव्हतं.

विचारलं ते बऱ्याच वर्षांनी, गडचिरोलीतच. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. १९८९ साली ते प्रसिद्ध झालं: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. कुटुंबनियोजनाचे एवढे आकडे गोळा करणाऱ्या देशात हा आकडा तोवर कुणाकडे नव्हता. नव्या कल्पनेसाठी दान द्या असं कुणी म्हणालं की मला लूप आणि वसा-अमिर्झा दोन्ही आठवतात, आणि मी लगेच टाळ्या वाजवत नाही.

आता देणाऱ्यांची तऱ्हा बदलली आहे. २०१४ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करणं कायद्यानेच लागू झालं. पैसा खूप वाढला, महाराष्ट्राच्या वाट्याला तर सगळ्यात जास्त येतो. माझी एक मैत्रीण अशाच एका कंपनीत हे खातं सांभाळते. ती सांगते, फेब्रुवारी आला की तिचा फोन थांबत नाही. ३१ मार्चच्या आत रक्कम खर्ची पडली पाहिजे, नाहीतर ती सरकारी निधीत टाकावी लागते. चालू प्रकल्प म्हणून दाखवलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात. कंपनीला स्वतःच्या व्यवस्थापनावर पाच टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. नियम चुकीच्या माणसांना आळा घालायला केलेत हे उघड आहे, आणि ती माणसं आहेतच. पण मार्चमध्ये सर्वांत लवकर काय संपतं? टॅब. सायकली. स्वच्छतागृहं. वॉटर प्युरिफायर. गडचिरोलीच्या नवजात बाळांचा हिशेब घातला तर १९९३ मध्ये मृत्यूंची पाया-नोंद सुरू, १९९५ ला भेटी, १९९९ ला निबंध, मग इतर संस्थांनी आपापल्या भागांत करून पाहणं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ते ‘आशां’मार्फत देशभर न्यायचं ठरवलं. अठरा वर्षं. त्यात किती ३१ मार्च येऊन गेले असतील!

घाईच्या दानाला मी नावं ठेवतेय खरी, पण मराठीतलं एक फार सुंदर दान घाईतच झालं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात बुडालेल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई इतके हलले की लगेच एक लाख रुपये देऊ केले, केंद्र काढा म्हणाले. १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. प्रकल्प अहवाल कुठे होता? व्यसनी मुलाला नक्की बरं कसं करतात हे तरी कुणाला पुरतं ठाऊक होतं? डॉ. सुनंदा अवचट करत करत शिकल्या. बरे झालेलेच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. घरी मार खाणाऱ्या, मंगळसूत्र विकून बसलेल्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आला, कारण नवरा घरी परतल्यावर काय होतं ते तिथे कुणीतरी ऐकून घेत होतं. म्हणजे चेक फाडायला उशीर लागला नाही, आणि पुढचं उमजायला लागणारा वेळ मात्र कुणी मोजत बसलं नाही. देणाऱ्याने माणसं ओळखली होती. ही ओळख कंपनीच्या अर्जात कुठल्या रकान्यात भरायची, मला कळत नाही.

मेळाव्यानंतर मी ग्रुपवर यातलं थोडंसं लिहिलं. मित्राचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "आपण काय टाटा आहोत का?" खाली हात जोडलेले. त्याला मी तळेगावची आठवण करून दिली. अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागायचा. टिळकांनी उचलून धरलं आणि पैसा फंड उभा राहिला. जत्रेतल्या माणसांनी, शाळामास्तरांनी, कारकुनांनी टाकलेल्या त्या पैशांतून धर्मशाळा सहज झाली असती. त्यांनी १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला. काच! भट्टीचं तापमान चुकलं की सगळा माल फुकट, आणि हे काम जाणणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा जाणकार तिथे आणला आणि काच फुंकण्याचं शिक्षण सुरू केलं. तिथे शिकलेल्यांनी पुढे देशात ठिकठिकाणी कारखाने काढले. एक पैसा देणाऱ्याला आपला पैसा कोणत्या चिमणीत गेला हे कधी कळलं नसेल. मित्राने यावर अंगठा टाकला. पटल्याचा होता की विषय संपवल्याचा, ते अंगठ्यावरून ओळखू येत नाही.

आणि टाटांचंच काढायचं तर परळचं रुग्णालय आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने १९४१ साली टाटा मेमोरियल उघडलं, कर्करोग म्हणजे मरण असं समजलं जायचं त्या काळात. पुढे १९५७ मध्ये ते आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. नाव राहिलं, खर्च सरकारकडे आला. आज फुटपाथवर, धर्मशाळांत, बिहार-बंगालपासून आलेली माणसं ज्या आशेवर राहतात ती आशा कुठल्याही ट्रस्टला एकट्याने इतकी वर्षं पेलता आली नसती. देणाऱ्याने सुरू करायचं, करून दाखवायचं, आणि मग सगळ्यांच्या पैशातून, म्हणजे करातून, ते चालायचं. ऐकायला हे फार छान वाटतं. मीही इतकी वर्षं असंच मानत आले की काम सरकारने उचललं की ते टिकलं.

पण उचललं म्हणजे काय झालं? गडचिरोलीतली ती बाई देशभर झाली तेव्हा तिचं नाव ‘आशा’ झालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, श्वास, अंगावरचं दूध, सगळं फॉर्मवर. या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. तिला पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तो तिच्या हातात पडेपर्यंत कागद कितीतरी टेबलांवरून जातो. आमच्या सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या ताईंची जाऊ आशा आहे. ती म्हणते, उन्हाचं फिरणं चालतं, रात्री-बेरात्री बाळंतिणीबरोबर जाणंही चालतं, पण झेरॉक्सचे पैसे आपल्याच पर्समधून जातात त्याचा संताप होतो. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या हजारो आशा मुंबईच्या आझाद मैदानात येऊन बसल्या होत्या, गुलाबी साड्यांत, डब्यांसह, काहींच्या कडेवर पोरं. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत वर्षातल्या मोठ्या दानशूरांची यादी आली होती, कोटींच्या आकड्यांसह, हसऱ्या चेहऱ्यांसह. मी ती दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. अभ्यासाचे पैसे परदेशी फाउंडेशनांनी दिले, औषधांचे सरकारने दिले, आणि देशभर हे काम इतक्या स्वस्तात चाललं त्यातला फरक या बायकांनी आपल्या श्रमातून भरला. या सगळ्या प्रयोगातली सगळ्यात मोठी देणगी त्यांचीच आहे, आणि ती द्याल का असं त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही.